उकिरड्याला जात असते

कचरा हा शिस्तीचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कचरा उचललेला नाही.

पांढरपेशी मंडळी दर दोन ऑक्टोबरला झाडू धरून फोटो काढतात. ओला-सुका शिकवतात. दोन डबे ठेवा म्हणतात. ठेवा ना, जरूर ठेवा. पण डब्यात पडणारी वस्तू बनवली कुणी, तिच्यावर पैसा केला कुणी आणि शेवटी ती आली कुणाच्या हातात, हे विचारलं की सगळे चिडीचूप.

1927 साली महाडच्या परिषदेनं सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका. त्याच 1927 साली मुंबईनं देवनारला कचरा टाकायला घेतला. गावात झुगारलेलं ओझं शहरानं नव्या नावानं आपल्याच पाठीवर ठेवलं. महारकी गेली, कंत्राट आलं. 2016 च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला, पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडीची पोरं रोज तेच हुंगत होती. धूर पुढच्या वस्त्यांत शिरला तेव्हा कुठं त्याची बातमी झाली.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या बायांनी पोतं खांद्यावर घेतलं. त्यात माझी आई होती. तिच्या हाताला काच लागली की एका सोसायटीतून चहा यायचा. वेगळ्या कपात. त्या बायांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली तेव्हा शहराला कळलं की या बाया म्हणजे कामगार आहेत.

आता सरकारचं बघा. 2016 च्या प्लास्टिक नियमांत एक कामाची ओळ होती. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, असलं थराथरांचं प्लास्टिक भंगारवाला हातात धरत नाही. ते दोन वर्षांत बंद करा, असं त्या ओळीत होतं. मुदत भरत आली आणि 2018 साली दुरुस्ती आली. ज्याचं पुन्हा काही बनत नाही, ज्यातून ऊर्जा निघत नाही किंवा ज्याचा दुसरा उपयोग नाही, तेवढंच बंद. अरे, जाळलं तर प्लास्टिकातून ऊर्जा निघतेच की! आणि दुसरा उपयोग कशाचाही दाखवता येतो. बंदी कागदावर राहिली, पाकिटं गटारात राहिली, आणि गटार उपसायला आपला माणूस राहिला.

हे चालतं कारण उचलणारे हात स्वस्त आहेत. हे हात स्वस्त कशानं झाले? जातीनं. कंपन्यांना सगळ्यात मोठी सबसिडी सरकार देत नाही, जात देते. उद्या पाकीट उचलायचा खरा खर्च कारखान्याच्या हिशेबात लावा, पाकीट परवा बदलेल.

2013 साली पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या बायांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. घ्या, तुमचा माल. शंभर परिसंवादांपेक्षा ही एक पिशवी भारी आहे.

काही जण म्हणतील, कचरा कमी झाला तर वेचणाऱ्यांनी खायचं काय? प्रश्न खरा आहे. पण पोट भरतं ते पुठ्ठ्यावर, पत्र्यावर, बाटलीवर. वेफर्सच्या पाकिटावर कुणाची चूल पेटत नाही. ते बंद झालं तर फक्त पाठ हलकी होईल. आणि शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला असतो. त्याचं खत वॉर्डातच करा. ते काम वेचणाऱ्या बायांना द्या, रीतसर पगारानं.

पण हे होत नाही. कारण पुष्कळ पालिकांत कंत्राटदाराला टनामागं पैसा मिळतो. कचरा वाढला की त्याची गाडी भरते. त्यानं कचरा कमी का करावा?

म्हणून दोस्तांनो, वॉर्ड ऑफिसवर जाताना नुसता हातमोज्यांचा अर्ज नेऊ नका. हातमोजे हवेत, गमबूट हवेत, नोकरी कायम हवी. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघानं 2700 कंत्राटी कामगारांसाठी 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून तो हक्क मिळवला, तसा गावोगाव मिळवा. पण त्याच अर्जात आणखी लिहा: टनावरचं कंत्राट रद्द करा. हॉटेलं, मॉल, मोठ्या सोसायट्या यांच्याकडून वजनावर पैसे घ्या, झोपडीकडून नको. जी वस्तू परत घ्यायची कंपनीची तयारी नाही, ती बाजारात येऊ देऊ नका.

कचरा कमी करा ही मागणी बंगलेवाल्यांच्या पर्यावरणाची म्हणून सोडून देऊ नका. ती आपली आहे. ज्यांच्या डोक्यावर पाटी आहे, पाटीत किती भरायचं हे ठरवायचा पहिला हक्क त्यांचा.

जय भीम.