शेजारी, तह आणि रोजची एक चाल



कॉम्प्युटरशी एकट्यानं 'सिव्हिलायझेशन' खेळणारे आपल्या लोकांत पुष्कळ सापडतात. रात्री साडेदहाला "एकच चाल" म्हणून बसायचं आणि पाखरं बोलायला लागली की उठायचं, हे इंजिनियरिंगच्या होस्टेलवर बहुतेकांचं झालेलं आहे. पण हेच वीर माणसांशी खेळायला बसले की दोन डावांत कंटाळतात, नाहीतर भांडतात. मग "मल्टिप्लेयरमध्ये मजा नाही" असा निकाल देऊन मोकळे होतात. माझ्या मते दोष खेळाचा नाही. आपण माणसांशीही कॉम्प्युटरशी खेळल्यासारखेच खेळतो, आणि डाव मांडायच्या आधी ठरवायच्या गोष्टी ठरवत नाही.

आम्ही एकाच कॉलेजचे पाचजण आहोत: पुणे, बंगलोर, लीड्स, न्यू जर्सी, आणि मी इथे पापाटोएटोत. खेळतो अजून 'सिव्हिलायझेशन ४', म्हणजे २००५ सालचा. नवीन आवृत्त्या दिसायला देखण्या आहेत, पण हा कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि सगळ्यांना पाठ आहे.

आधी वेळेचं गणित. पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे ऑकलंडला हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार. न्यू जर्सी आमच्या सोळा ते अठरा तास मागे. पाचहीजण एका वेळी बसणं म्हणजे कुणाच्या तरी झोपेचं खोबरं. म्हणून आम्ही 'पिटबॉस' वापरतो. एका मशीनवर डाव चोवीस तास चालू राहतो, ज्यानं त्यानं आपापल्या सवडीनं शिरून चाल करायची. सगळ्यांची झाली किंवा चोवीस तास संपले की पुढची चाल. मुलं झोपल्यावर वीस मिनिटं मिळाली तरी पुरतात.

एका बैठकीत डाव उरकणाऱ्यांना हे रटाळ वाटतं. मला उलट वाटतं. सगळ्यांच्या चाली एकाच वेळी चालतात तिथे लढाईत डोक्यापेक्षा बोटं जिंकतात. एखादा पठ्ठ्या चाल संपायच्या शेवटच्या सेकंदाला सैन्य हलवतो आणि नवी चाल सुरू होताच पुन्हा हलवतो. समोरच्याला मधे उत्तर द्यायची संधीच नाही! पिटबॉसवरही हे शक्य आहे, पण तिथे त्यावर सोपा तोडगा आहे. युद्ध पुकारलं की दिवसाचे दोन भाग करायचे: पहिले बारा तास चढाई करणाऱ्याचे, पुढचे बारा बचाव करणाऱ्याचे. ही शिस्त पाळली की खरा डाव सुरू होतो.

आता खेळाडूंच्या जाती. मला तीन दिसतात.

पहिला वाडा बांधणारा. त्याला पिरॅमिड हवेत, लायब्ररी हवी, सैन्याच्या नावानं वेशीवर एक काठीवाला. कॉम्प्युटरशी हे खपतं. माणसांत नाही, कारण शेजारचा माणूस तुमचं सैन्य मोजत असतो. चाळिसाव्या चालीला दोन रथ येऊन दारात उभे राहतात आणि वाडा दुसऱ्याच्या नावावर होतो.

दुसरा मुलूखगिरी करणारा. तांबं सापडलं की परशुवाले काढायचे, जंगल तोडून आणि गुलामगिरी स्वीकारून लोकसंख्येच्या बदल्यात सैन्य उभं करायचं, आणि जवळच्याचं गाव मारायचं. यातला हुशार माणूस गाव मारायच्या मागे लागतही नाही. तो तुमच्या राजधानीशेजारच्या जंगलाच्या टेकडीवर दोन शिपाई बसवतो आणि तांब्याच्या खाणीचा रस्ता तोडतो. तांबं नाही तर परशुवाले नाहीत, भालेवाले नाहीत. तुम्ही घरात कोंडलेले. थोरल्या बाजीरावांनी १७२८ साली पालखेडला निजामाचं हेच केलं. मोठी लढाई न देता मुलूख लुटत त्याला पळवला, तोफखान्यापासून तोडला, अन्नपाणी बंद केलं आणि मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. खेळात मात्र याची किंमत असते. तुम्ही दोघं एकमेकांना कोंडत बसलात की लांबचा तिसरा निवांत शिकून बंदुका घेऊन येतो. पाचांच्या डावात लवकरचं युद्ध बहुतेक वेळा तिसऱ्याच्या फायद्याचं ठरतं.

तिसरा वकील. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, पेशवाईतला. याचं सैन्य मध्यम, शहरं मध्यम, पण दर चालीला चौघांनाही दोन ओळी लिहितो. घोडे देतो, लोखंड घेतो, "तुझ्या सीमेवर अमक्याचं सैन्य दिसलं" असं कळवतो. कौटिल्यानं सांगितलंच आहे की शेजारी हा स्वाभाविक शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी हा स्वाभाविक मित्र. आमच्याकडे जास्त डाव वकिलानंच जिंकलेत. माझं मत विचाराल तर मल्टिप्लेयरची खरी युक्ती एवढीच: तुमच्यावर चढाई करणं महाग पडलं पाहिजे आणि तुम्ही जिवंत असणं शेजाऱ्याच्या फायद्याचं असलं पाहिजे. नुसतं पहिलं साधलं तर सगळे मिळून येतात. नुसतं दुसरं साधलं तर तुम्ही फुकटची दुभती गाय.

दुसरा मुद्दा हरण्याचा. दोन शहरं गेली की "माझं संपलं" म्हणून डाव सोडणारे सगळ्यांचा डाव नासवतात. त्याची जमीन शेजाऱ्याला आयती मिळते आणि बाकीच्यांनी आखलेला तोल बिघडतो. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मिर्झाराजांच्या हवाली केले, बारा ठेवले. आपल्यापैकी कितीजण त्या घडीला लॉगआऊट झाले असते? पण १६७० साली सिंहगडापासून सुरुवात करून गेलेले गड परत यायला लागले. तह म्हणजे शरणागती नव्हे, तो वेळ विकत घेण्याचा व्यवहार आहे. दोन शहरं देऊन वीस चालींची शांतता मिळत असेल तर घ्यावी. उरलेली शहरं नीट राखावीत आणि जिंकणाऱ्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याला पत्र लिहावं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा. आमच्यातल्या एकाचे वडील अचानक हॉस्पिटलमध्ये होते. तो रोज फोनवर बोलत होता, चाली चुकत होत्या. दुसऱ्यानं नेमक्या त्या चार दिवसांत त्याच्यावर चढाई केली आणि राजधानी घेतली. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. तहाची मुदत संपली होती, सूचना दिली होती. "खेळ आहे रे, मनाला काय लावून घेतोस," असं तो म्हणाला. ते दोघं त्यानंतर जवळजवळ वर्षभर बोलले नाहीत. होस्टेलवर एका ताटात जेवलेली माणसं.

"खेळातलं खेळात राहतं" हे वाक्य मला अर्धंच पटतं. खेळातली दगाबाजी खेळात राहावी हे खरं. अमेरिकेतला मित्र पन्नास चाली गोड बोलून माझं बंदर मारतो तेव्हा मी शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशीच तासभर गप्पा मारतो. तो डावाचा भाग आहे. त्याला बंदी घातली तर वकिली मरते आणि सगळेच वाडे बांधत बसतात. पण फोनवर मित्र म्हणून कळलेली अडचण नकाशावर वापरणं ही दगाबाजी नव्हे, ती वेगळीच गोष्ट आहे. समोरच्यानं ती राजाला सांगितलेली नसते, मित्राला सांगितलेली असते.

म्हणून आमच्या डावात आता चार नियम लिहून ठेवलेत. एक, तहाला मुदत हवी, आणि मुदतीआधी मोडायचा तर पाच चालींची सूचना. दोन, युद्धात दिवसाचे दोन भाग. तीन, कुणीही कारण न देता डाव थांबवायला सांगू शकतो आणि कुणी कारण विचारायचं नाही. चार, फोनवरचं फोनवर. तिसऱ्या नियमाचा गैरफायदा घेतला जाईल अशी भीती होती. आजवर कुणी घेतलेला नाही.

काहीजण म्हणतील, इतके नियम केले तर खेळ कसला? माझं उत्तर असं की परदेशात वीस वर्षं काढल्यावर "कसा आहेस"ला "बरा आहे" यापलीकडे फोनवर बोलायला उरत नाही. रोज एक चाल आणि दोन ओळींचं खलितं असलं की रोज काहीतरी बोलणं होतं. राज्यं काय, महिन्याभरात नवी मांडता येतात.

चूभूद्याघ्या.

लोभ असावा,
एक वकील, पापाटोएटो

ता. क. ज्यांना नवीन आवृत्तीच हवी त्यांनी 'सिव्हिलायझेशन ६' मधला माओरींचा कुपे जरूर घेऊन बघावा (२०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये आला). तो डाव समुद्रातच सुरू करतो, जमीन शोधत फिरतो, आणि जंगल न तोडता राखलं तर त्याचा फायदा होतो. माणसांशी खेळताना याची गंमत अशी की सुरुवातीला तुमचा पत्ताच कुणाला नसतो. आपल्यासारख्या सातासमुद्रापार आलेल्यांना शोभेल असा राजा आहे.