करार केला म्हणून फरक बुडत नाही



‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी मानधन ठाऊक असूनच काम स्वीकारले, मग मागच्या वेतनातला फरक कशाला?’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे मला अजिबात पटत नाही. कुटुंब पोसण्यासाठी कमी वेतन पत्करणारा ते राजीखुशीने पत्करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जगजीत सिंग खटल्यात २०१६ सालीच स्पष्ट केले. गुजरातेत कंत्राटी सहायक प्राध्यापक महिना ३०,००० रुपयांवर राबत होते. ऑगस्ट २०२५मध्ये याच न्यायालयाकडून त्यांना नियमित श्रेणीचे किमान वेतन आणि याचिकेआधीच्या तीन वर्षांपासूनचा फरक ८ टक्के व्याजासह देण्याचा आदेश झाला. रेवदंड्याहून अलिबागला तासापुरते शिकवायला जाणाऱ्यांच्या घरी तासिका नसलेल्या मे महिन्यातही चूल पेटावीच लागते. महाराष्ट्र शासनाने एकेकाला कोर्टाची पायरी चढायला न लावता हा हिशेब स्वतःहून करावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, रेवदंडा