लढाई आली की हवे, संपली की नको

दर 1 जानेवारीला ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून गाड्या भरून आपण भीमा कोरेगावला जातो. 1818 पाठ आहे. पुढचं कुणी विचारत नाही. त्याच इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चं खूळ काढून 1892 ला महारांची भरती बंद केली. महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1917 ला 111 महार पलटण उभारली. 1921 ला मोडली. म्हणजे आपण त्यांची राखीव फौज! 1941 ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत जाऊन आग्रह धरला, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

आज पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या पोरांना अग्निवीर म्हणून चार वर्षं मिळतात. चारातला जास्तीत जास्त एक पुढे राहणार, बाकीचे घरी. राखीव जागांवरच्या खासदारांना विचारा, यावर तुम्ही सभागृहात काय बोललात?