पडद्यावरचे रौडी

मुंबईत ज्याला आपण 'दादा' म्हणतो, त्यास बंगळूरमध्ये 'रौडी' म्हणतात. या मंडळींवर कन्नडमध्ये इतके चित्रपट निघाले आहेत की, 'मच्चु' व 'लाँग' या त्यांच्या हत्यारांच्या नावांनीच तो प्रकार ओळखला जातो. १९९५ साली उपेंद्र यांनी 'ओम' काढला, तेव्हा काही भूमिका त्यांनी खऱ्याखुऱ्या रौडींनाच दिल्या. याहून अस्सल ते काय असावयाचे? तरी प्रेक्षक गुंतला तो पुजाऱ्याच्या मुलाच्या अधःपातात.

'आ दिनगळु' (२००७), म्हणजे 'ते दिवस', हे उदाहरण अधिक बोलके आहे. अग्नी श्रीधर हे एके काळी याच जगात वावरलेले लेखक. कोतवाल रामचंद्र या रौडीचा १९८६ मध्ये खून झाला. त्या कटातील आपला भाग त्यांनी 'दादागिरिय दिनगळु' या आत्मकथनात स्वतःच सांगितला आहे. तपशिलांचे भांडार असे हाताशी असूनही पटकथेसाठी त्यांच्या जोडीला गिरीश कार्नाड बसले. (माथेरानला जन्मलेले कार्नाड आपणांस परके नाहीत, श्रीधरांची भूमिकाही अतुल कुलकर्णी यांनी केली आहे.) उभयतांनी पुष्कळसे गाळून एकच धागा धरला : सुखवस्तू घरातील तरुणाचे जातीबाहेरचे प्रेम, ते मोडावे म्हणून बापाने घेतलेली कोतवालाची मदत, आणि त्यापायी मुलाचे खुनाच्या कटात शिरणे. हा बाप कोणत्याही प्रतिष्ठित घरात आढळावा!

'हेड बुश' (२०२२) याचे लेखनही श्रीधरांचेच. विषय एम. पी. जयराज आणि देवराज अर्स यांच्या कारकिर्दीतील राजकारणाने रौडींना दिलेला आश्रय. माहितीत उणे नाही. परंतु प्रसंगामागून प्रसंग येतात आणि जयराजच्या मनात काय चालले आहे, ते उमगत नाही. भाषांतराच्या कामात आम्हांला हे रोज भेटते : शब्द सारे अचूक, आणि वाक्य निर्जीव. अशा वेळी लक्षात राहतो तो नायकाचा रुबाब. घरातील वाढती मुले तेवढाच उचलतात. जयराजचाही १९८९ मध्ये खूनच झाला, ही गोष्ट त्या रुबाबाआड सहज झाकली जाते. मग ज्यांची माणसे या टोळ्यांच्या हातून गेली, त्या घरांची आठवण कोणी ठेवावी?

'आ दिनगळु'मध्येही रक्तपात आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनी तो आधी स्वतः पाहावा, आणि मोठ्या मुलांबरोबर पाहताना त्या बापाविषयी त्यांचे मत अवश्य विचारावे.