जुन्या वाड्याचे रुसवे

आमच्या वाड्यांत नवा पाहुणा आला म्हणजे दिंडीदरवाजाची चौकट प्रथम त्याच्या कपाळाची ओळख करून घेते. आषाढ लागला कीं माजघराचें दार फुगतें, तें दसऱ्यापर्यंत पुरतें मिटत नाहीं. पुण्याच्या जुन्या पेठांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. घराच्या अशा लहरी सोसण्यांतच आमची हयात गेली. तथापि एका बाबतींत आम्हीं त्याचें म्हणणें ऐकिलें नाहीं, व त्याचें प्रायश्चित्त आमच्या वृद्ध काकूंस भोगावें लागलें.

माजघराच्या मागील भिंतीस ओल येई. दरसाल कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा फुटे व काकू तो केरसुणीनें झाडून काढीत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां मातींत रचलेल्या भिंती कशा बसल्या हें आमच्या तीर्थरूपांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आमचा वाडा वांचला. परंतु ओल म्हणजे भिंतीचा काळ, ही धास्ती त्यांनीं आम्हां भावांस जणूं वारसा म्हणून दिली. म्हणून ६ वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंनीं त्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करावयाचें काढिलें, तेव्हां आम्हींही होकार दिला. "मास्तर, हिला कोंडूं नका," असें आमचा जुना गवंडी म्हणाला होता. तो आम्हांस अडाणीपणा वाटला, हें लिहितांना लाज वाटते.

पहिलीं दोन वर्षें भिंत ठणठणीत कोरडी! तिसऱ्या वर्षीं लोणा गिलाव्याच्याही वर, छातीइतक्या उंचीवर दिसूं लागला. गेल्या श्रावणांत एके रात्रीं गिलाव्याचा मोठा पोपडा सुटून काकूंच्या खाटेवर पडला. जीव वांचला, पण उजवें मनगट मोडलें. पोपड्यामागें विटांचा भुगा झालेला, आणि भिंतींतल्या सागवानी खांबाचा बुंधा नखानें उकरतां यावा इतका कुजलेला.

त्याच गवंड्यास बोलाविलें. मागील गोष्ट त्यानें काढिली नाहीं, एवढें त्याचें मोठेपण. तो म्हणाला, "जमिनींतलें पाणी भिंतींत चढायचंच. चुना त्याला बाहेर सोडतो, सिमेंट आंत धरून ठेवतं. मग तें जाईल कुठं? वर, नाहीं तर लाकडांत." पाणी उडून गेलें कीं त्यांतला क्षार मागें उरतो, तोच लोणा. म्हणजे काकू दरसाल जें झाडीत होत्या, तें भिंत वाळत असल्याचें लक्षण होतें! शिवाय मध्यंतरीं आम्हींच चौकांत मातीच्या जागीं शहाबादी फरशी घट्ट बसविली होती; तेथली वाट बंद झालेली ओलही भिंतीकडेच वळली.

सिमेंट खरवडून भिंत दिवाळीपासून वैशाखापर्यंत उघडी ठेविली. खांबाचा कुजका भाग कापून नवें सागवान सांधलें व तें तळखड्यावर नीट बसविलें. मग चुन्याचा गिलावा. चुना मुरूं द्यावा लागतो, त्यास घाई खपत नाहीं. खर्चही आमच्या पेन्शनीस झेपण्याजोगा नव्हता.

जुनें तें सर्व शहाणें, असा आमचा पक्ष नव्हे. आमचा जिना मूळचा काळोखा, पायऱ्या वीतभर, आधारास केवळ एक दोर. तेथें यंदा दिवा व लोखंडी कठडा बसविला. वाडा पाडून सदनिका घ्याव्या, या पुतण्यांच्या म्हणण्यांतही तथ्य आहे. ४ बिऱ्हाडें व २ शौचकूप, ही अडचण सूनबाईंनीं किती दिवस सोसावी? कागद आमच्या सहीवांचून अडला आहे. बंधूंनीं दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे, आणि आमचा निश्चय होत नाहीं.

परवां काकूंनीं खाट पुन्हां त्याच भिंतीशीं लावून घेतली. सकाळीं पाहतों तों भिंतीच्या पायथ्याशीं बारीक पांढरी भुकटी सांडलेली, आणि काकू डाव्या हातांत केरसुणी घेऊन ती गोळा करीत आहेत.