फरारी: दप्तरातला आणि कादंबरीतला

फरारी माणसाला नायक करणाऱ्या कादंबऱ्या पोरांची डोकी फिरवतात, खरं काय ते सरकारी दप्तरात आणि अभ्यासकांच्या ग्रंथात सापडतं, असं मत आमच्या जेऊर-करमाळा भागातली शिकलीसवरली माणसं ठामपणे मांडतात. या मताला एक आधार जरूर आहे. लूटमार झालेल्या घरातल्या बाईचं रडणं पोवाड्यात सहसा येत नाही. पण तेवढ्यावरून दप्तर खरं आणि कादंबरी खोटी ठरवणं मला साफ नामंजूर आहे.

आधी दप्तराचं बघू. रामोश्यांच्या बंडाचे पुढारी उमाजी नाईक ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉश यांचा रामोश्यांवरचा ग्रंथ निघाला. तो माहितीने भरलेला आहे, पण लिहिणारा राज्यकर्त्यांच्या फौजेतला अधिकारी होता, हे विसरून तो वाचता येत नाही. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांनी श्रीशैलला आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली. जुलै १८७९ मध्ये देवर नावडगीला ते पकडले गेले आणि तेच लिखाण खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा झालं. सरकारने त्यात राजद्रोह वाचला. दुष्काळात माणसं मरताना पाहून पेटलेला माणूस त्याच कागदात होता, तो वाचायला पुढची पिढी यावी लागली.

त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या. १९११ नंतर मुंबई इलाख्यातही तेच झालं. नोंदवहीत नाव चढायचं, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. परवानगीवाचून हद्द ओलांडणं हाच गुन्हा. लेकीच्या सासरी न विचारता गेलेला बापही त्या वहीत फरारीच. अशा वहीला निव्वळ सत्य म्हणायचं कसं?

ती हजेरी माणसाच्या काळजात कशी रुतत असेल, हे अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ च्या ‘फकिरा’तून कळतं. फकिरा खजिना लुटतो, पण उपाशी माणसांसाठी. आणि आपली माणसं सरकारच्या ताब्यात सापडल्यावर स्वतःहून हवाली होतो. पोरांची डोकी फिरवणारं यात काय आहे?

मात्र प्रत्येक फरारी गरिबांचा कैवारी होता, ही उलट बाजूची भाबडी समजूतही टिकत नाही. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९५९ आणि १९६९ च्या पुस्तकांतून ‘सामाजिक दरोडेखोरा’ची, म्हणजे गरिबांना आपला वाटणाऱ्या दरोडेखोराची, कल्पना मांडली. मानववंशशास्त्रज्ञ अँटन ब्लोक यांनी १९७२ मध्ये तिला हरकत घेतली: अनेक दरोडेखोर बड्या जमीनदारांच्या आश्रयाने जगत आणि गरीब शेतकऱ्यांनाच धाकात ठेवत. ही हरकत रास्त आहे. म्हणून प्रत्येक फरारीबद्दल विचारायचं: तो कोणाला लुटत होता, त्याला भाकर कोण देत होतं आणि त्याला पकडून देण्यात कोणाचं हित होतं?

याची उत्तरं एकट्या दप्तरात नाहीत, एकट्या कादंबरीतही नाहीत. दोन्हींच्या शेजारी तिसरा साक्षीदार बसवावा लागतो, आणि मराठीत तो आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ चं. ज्यांच्याबद्दल तोवर फक्त इतरांनीच लिहिलं, तीच माणसं इथे स्वतः बोलतात. संशयाखाली जगणं काय असतं, हे त्यांच्याइतकं ना फौजदाराला माहीत, ना प्राध्यापकाला.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पहिलं बोट पारध्यांच्या पालाकडे जातं. ते बोट कादंबरी वाचून उठलेलं नाही, जुन्या नोंदवहीवर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासातून उठलेलं आहे. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं आहे: पोरांच्या हातातून ‘फकिरा’ काढून घेऊ नका, त्याच्या जोडीला ‘उचल्या’ द्या.