विश्लेषण : शेल वायूच्या विहिरींमुळे पिण्याचे पाणी का बिघडते?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डिमॉक हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आहे. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या बोअरवेलचे काँक्रीटचे झाकण स्फोटाने उडाले. बोअरमध्ये मिथेन साठला होता. परिसरात शेल वायूसाठी खोदकाम सुरू होऊन तेव्हा फार काळ झालेला नव्हता. कंपनीचे म्हणणे असे की, इथल्या पाण्यात मिथेन आधीपासूनच आहे. हा वाद २०२२ पर्यंत चालला. अखेर ‘कोटेरा एनर्जी’ने (पूर्वीची ‘कॅबट’) न्यायालयात आरोपांना आव्हान न देता गावासाठी नळयोजना उभारण्याकरिता १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देण्याचे मान्य केले.

वायू काढायला पाणी कशाला?

शेल हा घट्ट, थरांचा खडक. त्यात वायू अडकलेला असतो, पण तो वाहत नाही. म्हणून दीड-दोन किलोमीटर खोल विहीर खणून ती खडकात आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायने सोडून खडकाला भेगा पाडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनुसार एका विहिरीला १५ लाख ते १ कोटी ६० लाख गॅलन पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर साधारण पावणेसहाशे ते सहा हजार टँकर! पाऊस बरा असलेल्या पेनसिल्व्हेनियात हे निभावते. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या भागात तेच पाणी शेती आणि गावांच्या वाट्यातून येते.

भेगांतून रसायने वर येतात का?

लोकांना सर्वात जास्त भीती याचीच वाटते. पण खरा धोका बहुधा दुसरीकडे असतो. पिण्याच्या पाण्याचे थर आणि शेल यांच्यात बहुतेक ठिकाणी शेकडो मीटर खडक असतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधील ६८ खासगी बोअर तपासले. फ्रॅकिंगच्या द्रवाचा पुरावा त्यांना मिळाला नाही, मात्र वायूविहिरींजवळच्या पाण्यात मिथेन सरासरी १७ पट अधिक आढळला. मग तो आला कुठून? याच विद्यापीठाचा सहभाग असलेल्या २०१४ मधील अभ्यासाने बोट ठेवले ते विहिरीच्या बांधणीवर. वायूविहीर वरच्या जलथरातूनच खाली जाते. तिच्या पोलादी नळीभोवती सिमेंट भरलेले असते. ते नीट बसले नाही किंवा नळी गळू लागली, की वायूला वर यायला वाट मिळते. म्हणजे दोष दोन किलोमीटर खालच्या भेगेचा नव्हे, वरच्या कामाचा. हे दिलासादायक वाटेल, पण हजारो विहिरींपैकी प्रत्येकीचे सिमेंट वर्षानुवर्षे टिकले पाहिजे, हा त्याचा दुसरा अर्थ.

वर आलेल्या पाण्याचे काय करतात?

खरी डोकेदुखी ही आहे. वायूबरोबर परत येणारे पाणी समुद्राच्या पाण्याहून कित्येक पट खारट असू शकते आणि त्यात खडकातले रेडियमही असते. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला ते चक्क शहरांच्या सांडपाणी केंद्रांत नेले जात असे. ही केंद्रे क्षार काढण्यासाठी बांधलेलीच नसतात, त्यामुळे क्षार थेट नद्यांत गेले. २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना हे थांबवायला सांगितले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) देशभर तशी बंदी घातली. दुसरा मार्ग म्हणजे हे पाणी खोल जमिनीत सोडणे. ओक्लाहोमात तेल-वायू उद्योगाचे असे पाणी सोडल्याने भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

कायदा काय सांगतो?

पेयजल सुरक्षा कायद्यातून अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्येच फ्रॅकिंगला सूट दिली. अपवाद फक्त डिझेलच्या वापराचा. पेयजलावर ‘व्यापक’ परिणामाचा पुरावा नाही, असे ‘ईपीए’च्या २०१५ च्या मसुद्यात म्हटले होते. २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गळले. काही परिस्थितीत पाण्यावर परिणाम होतो, असे त्यात नमूद झाले. पेनसिल्व्हेनियाने मात्र २०१२ मध्ये एक उपयुक्त तरतूद केली. वायूविहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, काम झाल्यावर वर्षभरात पाणी बिघडले तर दोष कंपनीचा मानला जातो. तो आपला नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे. त्यामुळे खोदण्याआधी शेजारच्या बोअरचे पाणी तपासून ठेवणे कंपन्यांच्याच हिताचे ठरले. डिमॉकमध्ये वाद चिघळला तो ‘आधी’ पाणी कसे होते, यावरूनच.

भारताचा संबंध कुठे?

अमेरिकेतून ‘गेल’ने दीर्घकालीन कराराने घेतलेल्या द्रवरूप वायूचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आले ते रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला. तेथील वायूत शेलचा वाटा मोठा. भारताने स्वतःचे शेल धोरण २०१३ मध्ये आखले आणि ‘ओएनजीसी’ने गुजरातमध्ये खंबातच्या खोऱ्यात जंबुसरजवळ चाचणी विहीर खणली. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने त्याच वर्षी भारतात ९६ लाख कोटी घनफूट वायू काढण्याजोगा असल्याचा अंदाज दिला होता. मोठे व्यापारी उत्पादन अजून झालेले नाही. याच खंबात खोऱ्यात मेहसाणाही येते, जिथे भूजलाचा उपसा आधीच पुनर्भरणाच्या पुढे गेलेला आहे.